टाकी, मोटर आणि पाय झीरो २ डब्ल्यू: नवा बोर्ड घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. गच्चीवरच्या टाकीतली पातळी अल्ट्रासॉनिक सेन्सरने मोजायची, पाणी खाली गेलं की रिलेमार्फत एक हॉर्सपॉवरची मोटर चालू करायची, टाकी भरली की बंद. बोर्ड रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (लिनक्सवर चालणारा छोटासा कॉम्प्युटर), ओएस बुकवर्म (रास्पबेरी पाय ओएसची २०२३ ची आवृत्ती), प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये. जुन्या ट्यूटोरियलबरहुकूम एसडी कार्ड तयार केलं तर वायफाय लागत नाही. पायवरच बिल्ड लावलं (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायला घेतला) तर थोड्या वेळाने सगळं गोठतं. उबुंटू २४.०४ च्या लॅपटॉपवर बिल्ड करून फाइल नेली तर आधी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’, आणि ६४ बिटचं कार्ड केल्यावर ‘जीलिबसी २.३८ नॉट फाउंड’. वर लाइट जाऊन आली की कधी कधी पाय नेटवर्कवर दिसतच नाही. बोर्ड खराब आहे का, पाय ५ घेऊ का?

बोर्ड धडधाकट आहे. पाय ५ घेतलात तर मेमरीची तक्रार सुटेल, बाकीच्या तशाच राहतील आणि एक नवी येईल: तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे आहेत, त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमधली आरपीआय-जीपीआयओ ही पायथॉन लायब्ररी पाय ५ वर चालत नाही. तुमच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. ट्यूटोरियल लिहिणाऱ्याच्या हातात जो बोर्ड आणि जी ओएस होती, ती तुमच्या हातात नाही. अशा वेळी लोक कार्ड पुन्हा फ्लॅश करत बसतात. त्यापेक्षा बोर्डालाच विचारावं की बाबा तू कोण आणि तुझ्यावर चाललंय काय. (खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

वायफायचं आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. बूट पार्टिशनवर डब्ल्यूपीए-सप्लिकंटची फाइल टाकायची युक्ती बुकवर्मपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली. नेटवर्क आता नेटवर्कमॅनेजर सांभाळतो आणि तो ती फाइल बघतही नाही. ‘पाय’ हा युजर आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड तर एप्रिल २०२२ मध्येच गेला. म्हणून रास्पबेरी पाय इमेजरमध्येच कार्ड लिहिण्याआधी सेटिंग्ज उघडा, युजर, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच तिथेच भरा, आणि वायफायचा देश म्हणून भारत निवडा. देश निवडला नाही तर रेडिओ बंदच ठेवला जातो. आणखी एक: झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवले असतील तर चालेल. ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव तुम्ही कार्डात भरलं असेल तर जन्मात जोडलं जाणार नाही. कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही फाइलही आता ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेली आहे. ‘बूट’मध्ये त्याच नावाची फाइल दिसते, पण ती उघडलीत तर आत ‘फाइल हलवली आहे’ एवढाच निरोप असतो.

आता बिल्ड. इथे जरा थांबायला हवं, कारण तुम्हाला आलेल्या तीन चुकांची कारणं तीन निरनिराळी आहेत आणि तिन्ही जण एकाच औषधाने बरे होणार नाहीत.

पायवर गोठतं त्याचं कारण मेमरी. झीरो २ डब्ल्यूवर चार कोअर आहेत आणि रॅम ५१२ एमबी. ट्यूटोरियलमध्ये ‘मेक -जे४’ लिहिलेलं असतं, म्हणजे एकाच वेळी चार कंपायलर. तुमच्या कोडमध्ये जेसनची एक भलीमोठी हेडर-ओन्ली लायब्ररी आहे; तसली एक फाइल कंपाइल करायला एकटा कंपायलर शेकडो एमबी सहज खातो. रॅम संपली की कर्नल (ओएसचा गाभा) स्वॅपकडे, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या राखीव जागेकडे वळतो, स्वॅप एसडी कार्डावर, आणि कार्डाचा वेग बघता तो बोर्ड मेल्यासारखाच वाटतो. थोडा धीर धरलात तर शेवटी ‘सीसी१प्लस’ला, म्हणजे कंपायलरला, ‘किल्ड’ असा शेरा मिळतो. ‘डीमेसेज’ चालवून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा, तिथे नोंद सापडेल. पायवरच बिल्ड करायचं असेल तर ‘-जे१’ द्या, डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती ठेवा आणि झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) चालू करा. एकदाच बिल्ड करून विसरायचं असेल तर एवढं पुरे. रोज कोड बदलणार असाल तर लॅपटॉपवरच बिल्ड करा.

लॅपटॉपवर बनवलेली फाइल पायवर का चालत नाही, हे कळायला पायला दोन प्रश्न विचारा. ‘युनेम -एम’ कर्नलबद्दल सांगतं. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ त्यावर बसवलेल्या पॅकेजांबद्दल सांगतं. ही दोन उत्तरं जुळतीलच असं नाही. पाय ४ वर ३२ बिटची ओएस टाकली तरी २०२३ पासून कर्नल मुळात ६४ बिटचाच सुरू होतो. ‘युनेम’ म्हणतं एआर्च६४ (म्हणजे ६४ बिट), म्हणून माणूस ६४ बिटची फाइल बनवून नेतो, आणि उत्तर येतं ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर ‘एलएस’ केल्यावर समोर दिसते! कर्नलला ती फाइल चालवायची तयारी असते. सापडत नाही तो ६४ बिटचा लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल, कारण तो ३२ बिटच्या ओएसमध्ये नसतोच. या निरोपाने भल्याभल्यांची दुपार घालवली आहे. तुमच्या झीरो २ डब्ल्यूवर मात्र ३२ बिटच्या ओएसबरोबर कर्नलही ३२ बिटचाच होता, म्हणून सरळ ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली. फाइल कुठेही नेण्याआधी लॅपटॉपवर ‘फाइल’ ही कमांड तिच्यावर चालवायची सवय लावून घ्या. ती कोणत्या प्रोसेसरसाठी बनली आहे ते एका ओळीत कळतं.

तुमच्या मित्राकडे जुना पहिला झीरो आहे असं तुम्ही लिहिलंय आणि तीच फाइल त्याला द्यायची आहे. ते जमणार नाही. जुन्या झीरोचा प्रोसेसर एआरएमव्ही६ जातीचा. डेबियन आणि उबुंटू ज्याला ‘एआरएमएचएफ’ म्हणतात ते किमान एआरएमव्ही७ धरून चालतं. रास्पबियन ही पायची आधीची ओएस २०१२ साली वेगळी बांधावी लागली ते याच कारणाने. उबुंटूच्या एआरएमएचएफ क्रॉस-कंपायलरला तुम्ही ‘-मार्च’ देऊन एआरएमव्ही६ सांगितलं तरी भागत नाही, कारण प्रोग्राम सुरू होताना जो तयार कोड जोडला जातो तो आधीच व्ही७ साठी बनलेला असतो. निकाल एकच: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. त्याच्यासाठी त्याच्याच बोर्डावर ‘-जे१’ने बिल्ड करा आणि चहा प्यायला जा.

तिसरी चूक, ‘जीलिबसी २.३८’. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्राम ज्यावर उभे असतात ती मूळ सी लायब्ररी. आर्किटेक्चर आता बरोबर आहे, पण लॅपटॉप पायपेक्षा पुढे आहे. उबुंटू २४.०४ मध्ये जीलिबसी २.३९ आहे, बुकवर्ममध्ये २.३६. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नसतं, उलटं मात्र चालतं. तुम्ही म्हणाल की मी कोणतंही नवं फंक्शन वापरलेलं नाही. खरं आहे, पण तुमच्या कोडमध्ये आकडा वाचायला ‘एसटीडी::स्टॉय’ आहे. ते आतून ‘स्ट्रटॉल’ला हाक मारतं, आणि २.३८ पासूनच्या हेडर फाइली त्या हाकेचं रूपांतर सी२३ प्रमाणाच्या नव्या फंक्शनमध्ये गुपचूप करतात. ते फंक्शन बुकवर्ममध्ये नाही. हे जमलं तरी पुढे सी प्लस प्लसच्या लायब्ररीबद्दल ‘जीलिबसीएक्सएक्स ३.४.३२’ची तक्रार दबा धरून बसलेली असेल, कारण उबुंटूचा कंपायलर जीसीसी १३ आणि बुकवर्मचा १२.

पायवरची लायब्ररी अपग्रेड करू नका. नेटवर तसा सल्ला मिळतो. जीलिबसी हाताने बदललेलं कार्ड पुढच्या बूटला बहुतेक उठत नाही. उलट लॅपटॉपला मागे आणा. डॉकरमध्ये डेबियन बुकवर्मचा कंटेनर (लॅपटॉपच्या आत वेगळी चालणारी छोटी ओएस) घ्या, आत डीपीकेजीला एआरएम६४ हे जादा आर्किटेक्चर सांगा, ‘क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४’ पॅकेज टाका आणि लिबजीपीआयओडी या पिना हाताळणाऱ्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज नावापुढे ‘:एआरएम६४’ लावून घ्या. सीमेकला टूलचेन फाइल (कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणारी) द्या आणि बिल्ड करा. जो बिल्ड पायवर तुमचा जीव खात होता तो लॅपटॉपवर काही सेकंदांचा आहे, आणि लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या पायशी जुळलेल्या असतात. लिबजीपीआयओडीबद्दल सावध राहा: बुकवर्ममध्ये १.६ आहे आणि नव्या ट्यूटोरियलमधला कोड २ साठी असतो. दोन्हींत हेडर फाइलचं नाव तेच, आतली फंक्शनं पार वेगळी. पुढे ट्रिक्सीवर (बुकवर्मनंतरची आवृत्ती) गेलात की तिथे २ आहे, तेव्हा हा भाग पुन्हा लिहावा लागणार हे धरून पिनांचा सगळा कोड एकाच फाइलीत ठेवा.

सेन्सरच्या रीडिंगमध्ये उड्या दिसतात असं तुम्ही म्हणता. ध्वनीला एक सेंटिमीटर जाऊन-येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. तुमचा लूप पिन वर गेली की वेळ घेतो, खाली आली की पुन्हा घेतो. मधेच लिनक्सने दुसऱ्याच प्रोग्रामला पाळी दिली की एक-दोन मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे पंधरा-तीस सेंटिमीटर पाणी हवेत गायब! लूपमध्ये पिन वाचू नका. लिबजीपीआयओडीकडे दोन्ही कडांचे इव्हेंट मागा. प्रत्येक इव्हेंटवर कर्नल इंटरप्टच्या क्षणीच वेळेचा शिक्का मारतो, तुमचा प्रोग्राम तो उशिरा वाचला तरी शिक्का बदलत नाही. दोन शिक्क्यांची वजाबाकी करा. पाच-सात रीडिंग घ्या आणि त्यांतलं मधलं घ्या. सरासरी नको, कारण एकच वेडं रीडिंग सरासरीला ओढून नेतं.

तापमानाची दुरुस्ती करायची का? १५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. मे महिन्यात गच्चीवर मीटरभर अंतरामागे पाचेक सेंटिमीटरचा फरक पडेल. टाकीसाठी मी तरी त्याच्या नादी लागणार नाही. चालू आणि बंद यांच्या पातळ्यांत भरपूर अंतर ठेवा म्हणजे झालं. त्यापेक्षा सेन्सर बदला. उघडा एचसी-एसआर०४ टाकीच्या वाफेत फार टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ प्रकार घ्या, पण त्याला अगदी जवळचं दिसत नाही, साधारण २० ते २५ सेंटिमीटर. म्हणून भरलेल्या टाकीतलं पाणीही सेन्सरपासून ३० सेंटिमीटर खाली राहील असा तो बसवा, नाहीतर ऐन भरायच्या वेळी तो आंधळा होईल. दोन्ही सेन्सरांना ५ व्होल्ट दिले की त्यांची इको पिनही (प्रतिध्वनीचा सिग्नल देणारी) ५ व्होल्टची असते, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. इको आणि पायची पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहम लावा: ५ चे ३.३३ होतात.

आता लाइट. पाय तपासायला सगळे ‘व्हीसीजेनसीएमडी’ची ‘गेट-थ्रॉटल्ड’ ही कमांड सांगतात, आणि तुमच्याकडे तिचं उत्तर शून्य आलं म्हणून अ‍ॅडॉप्टर ठीक आहे असं तुम्ही धरलंत. पाय ३ किंवा ४ वर ते चाललं असतं. तिथे पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की नोंद होते. झीरो मालिकेत कमी व्होल्टेज ओळखणारं सर्किटच नाही. तिथलं शून्य म्हणजे कुणी मोजलंच नाही. मल्टिमीटर घ्या, बोर्डावरच्या २ आणि ६ नंबरच्या पिनांवर (५ व्होल्ट आणि ग्राउंड) लावा आणि वायफाय व रिले दोन्ही चालू असताना बघा. ४.८ च्या खाली सरकत असेल तर अ‍ॅडॉप्टरआधी केबल बदला. मोबाइलबरोबर येणाऱ्या बारीक केबलमध्येच अर्धा व्होल्ट जातो.

लाइट जाऊन आल्यावर दिसत नाही, याचं कारण तुमच्या वर्णनावरून मला कार्ड वाटत नाही. कार्ड खराब झालं असतं तर पुन्हा बंद-चालू केल्यावर ते उठलं नसतं, तुमचं उठतं. पाय अर्ध्या मिनिटात तयार होतो, फायबरचा डबा आणि राउटर त्याहून उशिरा. नेटवर्कमॅनेजर काही वेळा जोडून बघतो आणि मग बराच वेळ गप्प बसतो. ‘एनएमसीएलआय’ने त्या कनेक्शनचं ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ शून्य करा. इथे शून्याचा अर्थ थकेपर्यंत नव्हे, कायम प्रयत्न करत राहा असा आहे. कार्डाची काळजी वेगळी घ्यायचीच: लिहिणं चालू असताना वीज गेली तर एसडी कार्ड आतल्या आत मोठमोठे ब्लॉक हलवत असतं, त्यामुळे ज्या फाइलला तुम्ही हातही लावला नाही तीही जाऊ शकते. सगळं नीट चालू लागलं की ‘रास्पी-कॉन्फिग’मधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. मग सगळे बदल रॅममध्ये जातात, तेव्हा लॉगवर मर्यादा घाला, नाहीतर ५१२ एमबी काही दिवसांत भरेल.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण कोडात दिसली. झीरो २ डब्ल्यूवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट आल्यावर तो मागे कुठेतरी साठवलेल्या वेळेपासून सुरू होतो आणि इंटरनेट मिळालं की एकदम पुढे उडी मारतो. तुम्ही ‘मोटर वीस मिनिटांपेक्षा जास्त नको’ ही अट ‘सिस्टिम-क्लॉक’वर मोजली आहे. तीन तास लाइट नव्हती, ती आल्याआल्या मोटर सुरू झाली आणि मग वेळ जुळवली गेली, तर प्रोग्रामच्या लेखी मोटर तीन तास चालू आहे आणि तो ती लगेच बंद करेल. उलटी उडी बसली तर मात्र मोटर चालतच राहील, आणि विहीर किंवा हौद आटला असेल तर पंप कोरडा फिरेल. तिथे ‘स्टेडी-क्लॉक’ वापरा, ते अशा उड्या मारत नाही. लॉगमध्ये खरी वेळ हवी असेल तर डीएस३२३१ चं छोटं घड्याळाचं मॉड्यूल लावा, स्वस्त असतं.

मोटरच्या बाजूबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, आणि एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना पाच-सात अँपिअरच घेते, हा तुमचा हिशेब. सुरू होताना ती त्याच्या पाच-सहा पट ओढते. त्या ठिणगीत रिलेची टोकं कधीतरी वितळून चिकटतात, आणि मग प्रोग्रामने ‘बंद’ म्हटलं तरी मोटर चालू राहते. रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोटरचा करंट सोसणारा दणकट रिले) कॉइल चालवा आणि मोटर काँटॅक्टरवर, ओव्हरलोड रिलेसह. गावाकडे पंपाला स्टार्टर असतो, त्यातलं मुख्य काम तेच. २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडून करून घ्या, त्यात हौस नको.

रिले मॉड्यूल तुमचं ‘लो’वर चालू होणारं आहे. पाय सुरू होताना, प्रोग्राम येण्याआधीचे काही सेकंद पिना मोकळ्या असतात: जीपीआयओ ० ते ८ आतून वर ओढलेल्या, ९ ते २७ खाली (हे आकडे जीपीआयओचे, बोर्डावरच्या पिनांच्या क्रमाचे नव्हेत). तुम्ही १७ वापरली आहे. काही मॉड्यूल तेवढ्यावरही टकटक करतात. जीपीआयओ ५ किंवा ६ घ्या आणि कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये ‘जीपीआयओ=५=ओपी,डीएच’ ही ओळ टाका, म्हणजे फर्मवेअरच ती पिन ‘हाय’ करून ठेवतं. मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढा, रिलेला ५ व्होल्ट आणि व्हीसीसीला ३.३ द्या.

शेवटी, मोटर थांबवायचा अखेरचा अधिकार पायकडे ठेवू नका. टाकीत एक साधा फ्लोट स्विच लावा आणि तो काँटॅक्टरच्या कॉइलच्या ओळीत जोडा. प्रोग्राम अडकला, रिले चिकटला, कुणी कार्ड काढून नेलं, तरी टाकी भरली की कॉइल सुटते. सॉफ्टवेअरच्या बाजूने सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप सुरू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस करा, ‘रिस्टार्ट’ ‘ऑलवेज’ ठेवा, आणि बोर्डावरचा हार्डवेअर वॉचडॉग (ओएस गोठली तर बोर्ड रीस्टार्ट करणारा) चालू करा. त्याची कमाल मर्यादा १५ सेकंद आहे, त्याहून जास्त आकडा देऊ नका.

पाय ५ च्या पैशात हे सगळं येऊन पैसे उरतील: काँटॅक्टर, फ्लोट स्विच, वॉटरप्रूफ सेन्सर, घड्याळाचं मॉड्यूल, जाड केबल. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका चकरेत मिळावं. काँटॅक्टर घेताना कॉइल २३० व्होल्ट एसीची आहे ना ते दुकानातच वाचून घ्या. २४ आणि ४१५ व्होल्टच्या कॉइली बाहेरून हुबेहूब तशाच दिसतात. आणि यानंतरही बिल्ड अडला तर ‘ओएस-रिलीज’ फाइल, ‘डीपीकेजी’चं आर्किटेक्चरचं उत्तर आणि चुकीच्या निरोपाची पूर्ण ओळ असं तिन्ही पाठवा. नुसतं ‘चालत नाही’ एवढ्यावरून काही सांगता येत नाही.